सहकारी घर आणि त्याचा शेजार

मे महिना संपत आला की मुंबईच्या वृत्तपत्रांत दरवर्षी एक यादी प्रसिद्ध होते. शहराच्या जुन्या भागातील ज्या इमारती येत्या पावसाळ्यात उभ्या राहतील याची खात्री देता येत नाही, अशा अतिधोकादायक इमारतींची ती यादी असते. इमारतीचे नाव, रस्ता, गल्ली आणि रहिवाशांनी जागा रिकामी करावी अशी सूचना, एवढाच तिचा मजकूर. गिरगाव, भुलेश्वर, माझगाव या भागांतील कुटुंबे ती यादी परीक्षेच्या निकालासारखी वाचतात. ज्या मंडळाकडून ती निघते त्याचे मूळ १९६९ च्या कायद्यात आहे. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्या पैशातून त्यांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करावी, अशी ती योजना. त्या वेळी मोजदाद केली तेव्हा अशा इमारती १९,६४२ भरल्या.

इतक्या घरांची डागडुजी सरकारला अंगावर का घ्यावी लागली, याचे उत्तर भाड्याच्या पावतीत सापडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती तेथेच बांधून टाकली. महायुद्धानंतरच्या टंचाईत लक्षावधी भाडेकरूंना या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण चुना, लाकूड, लोखंड आणि गवंड्याची मजुरी चढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. गळकी गच्ची दुरुस्त करण्यात मालकाला काही स्वारस्य उरले नाही. भाडेकरूच्या डोक्यावर पाणी ठिबकत होते, पण गच्ची त्याची नव्हती. दोघांच्या मध्ये इमारत कुजत गेली.

त्याच शहरात, त्याच मे महिन्यात, दुसऱ्या एका प्रकारची सूचना जिन्याखालच्या फलकावर लागलेली असते. खाली चिटणीसांची सही असते. अमुक तारखेला टाकी धुतली जाणार असल्याने सकाळी पाणी भरून ठेवावे; गच्चीवर डांबराचे काम चालू असल्यामुळे पापड-कुरडया वाळत घालू नयेत; पन्हळींच्या साफसफाईचा खर्च सभेने मंजूर केला आहे. या इमारतीला वेगळा घरमालक नसतो. तिच्यात राहणारी माणसेच एकत्रितपणे तिची मालक असतात. या दुसऱ्या सूचनेला आता शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ विटांचा आणि हप्त्यांचा नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी विभागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले, तेथून या कथेला आरंभ होतो. काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, बंदरातील व्यापार खोळंबला. रोगाचे खरे कारण तेव्हा नीट उमगले नव्हते. तथापि हवा आणि उजेड नसलेल्या कोंदट खोल्यांवर सर्वांचे बोट होते. बहुसंख्य मुंबईकर त्या काळी एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असत, आणि त्या एका खोलीत चूल, मोरी, बाळंतपण आणि आजारपण सारेच उरकावे लागे. १८९८ मध्ये कायदा होऊन 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याच्या मोकळ्या भूमीवर आखीव भूखंड पाडले. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे थोडी होती, हा आक्षेप ट्रस्टवर त्याच काळात घेतला गेला आणि तो रास्तच होता. रस्ता झाला की लगतच्या जमिनीची किंमत वाढते, आणि ज्याची खोली पाडून तो रस्ता झाला त्याला ती जमीन कधीच परवडत नाही. हा न्याय पुढेही अनेक शहरांनी अनुभवला आहे.

प्लेगने एकट्या मुंबईलाच शहररचनेचे धडे दिले असे नाही. बंगलोरमध्ये १८९८ च्या साथीनंतरच बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ही मोकळी, झाडांच्या रांगांची उपनगरे आखली गेली. सहकारी तत्त्वावर घरे उभारण्याचा मानही बंगलोरकडेच जातो. तेथील 'बंगलोर बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी' १९०९ ची. मैसूर संस्थानाचा सहकाराचा कायदा स्वतंत्र होता, त्यामुळे हे तेथे शक्य झाले. ब्रिटिश मुलखात १९०४ चा कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवावे, एवढेच त्याचे उद्दिष्ट. शहरातील कारकुनाला घर हवे असेल ही कल्पना तो कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही. १९१२ मध्ये दुसरा कायदा झाला. कर्जाखेरीज इतर कामांसाठीही संस्था नोंदवता येऊ लागल्या, आणि दार उघडले.

त्या दारातून मुंबई इलाख्यात पहिले पाऊल टाकणारी माणसे मूळची मुंबईची नव्हती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. त्यानंतर होन्नावर, कुमठा, भटकळ या गावांतील चित्रापूर सारस्वत कुटुंबांतील तरुण शिक्षणासाठी आणि सरकारी नोकरीसाठी मद्रासऐवजी मुंबईची वाट धरू लागले. घरी कोंकणी, शाळेत कानडी, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात मराठी अशी त्यांची भाषांची चौकट होती. पगार बेताचा, पण नियमित. मुंबईत ना वडिलोपार्जित वाडा, ना ओळखीचा मालक. अशा नोकरदारांच्या अडचणी नेमक्या ओळखणारा गृहस्थ त्यांच्यातच होता. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. आजची शामराव विठ्ठल सहकारी बँक ती हीच. पगार होईपर्यंत उसनवारी करणाऱ्या माणसाला आधी पतीची सवय लावायची, मग घराची, असा त्यांच्या कार्याचा क्रम दिसतो. तो क्रम आजच्या गृहकर्जाच्या जाहिरातींपेक्षा अधिक शहाणपणाचा होता.

२८ मार्च १९१५ रोजी 'सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' नोंदली गेली. जागा ट्रस्टच्या गावदेवी योजनेतील, भाडेपट्ट्याने घेतलेली. गावदेवी म्हणजे गिरगावची गजबज आणि मलबार टेकडीची श्रीमंती यांच्या मधली पट्टी. महात्मा गांधी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की ज्या मणिभवनात उतरत, ते याच भागात आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे काही कारागिरांनी जी 'भाडेकरू-सहभागीदारी'ची पद्धत सुरू केली होती, तीच येथे स्वीकारण्यात आली. तिचे स्वरूप थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

या पद्धतीत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात. सभासद संस्थेचे भाग विकत घेतो आणि संस्थेचाच भाडेकरू म्हणून राहतो. म्हणजे तो एका हाताने भाडे देतो आणि दुसऱ्या हाताने, इतर सभासदांच्या जोडीने, ते घेतो. भाड्यातून कर्ज फिटते, कर भरला जातो आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला पडते. कर्ज फिटले तरी खोली कोणा एकाची होत नाही. सभासदाने मनात येईल त्याला ती विकावी अशी मुभा नसते. दुसरी पद्धत 'भाडेकरू-मालकी'ची. तीत संस्था भूखंड पाडून सभासदांना देते आणि घर ज्याचे तो बांधतो. उपनगरांतील बंगलीवजा वसाहती बहुतेक या दुसऱ्या पद्धतीच्या. पहिल्या पद्धतीत माणसे एकमेकांना अधिक बांधली गेली. वरच्या मजल्यावरची मोरी गळली तर खालच्याने भांडायचे कोणाशी? घरमालकाशी भांडावे तर मालक आपणच. हा पेच सोडवण्यासाठी सभा, इतिवृत्त, चिटणीस आणि खजिनदार हे सारे शिकावे लागले. राजकीय स्वातंत्र्य येण्यापूर्वी बहुमताने निर्णय घेण्याचा आणि तो अल्पमतात असतानाही पाळण्याचा सराव या देशातील पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांना अशा जिन्याखालच्या सभांत झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

'गृहनिर्माण संस्था' हा शासकीय मराठीतील शब्द यथार्थ आहे, पण कोणी मुंबईकर 'मी संस्थेत राहतो' असे म्हणत नाही. तो 'सोसायटीत' राहतो. इंग्रजीत ज्या शब्दाने अवघा समाज दाखवावा, तो मराठीत एका फाटकाच्या आतल्या तीन-चार इमारतींपुरता आला, आणि त्या अर्थाने तो अगदी घरचा झाला.

सोसायटीचे वर्ष ऋतूंवर चालते. चैत्र-वैशाखात गच्ची, पन्हळी, टाकी. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की कामाची परीक्षा होते, आणि दुसऱ्या दिवशी चिटणीसांच्या दारात तक्रारींची रांग लागते. कोकण किनाऱ्यावरच्या या शहरात चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो तेवढा देशातील अनेक शहरांत दोन-तीन वर्षांतही पडत नाही. म्हणून येथे घराची मालकी म्हणजे प्रथम पाण्याशी वैर. श्रावण-भाद्रपदात उत्सवाची वर्गणी. आश्विनात नवरात्र, कोजागरीला गच्चीवर आटीव दूध, आणि तेव्हाच गच्चीला कुठे भेगा राहिल्या ते सर्वांना एकदम दिसते. दिवाळीत मुलांचे किल्ले, आणि त्यांसाठी आणलेली माती आवारात कोणी काढायची यावरून एक छोटा वाद. संक्रांतीनंतर हळदीकुंकू. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदन आणि स्पर्धांची बक्षिसे. संस्थांच्या उपविधींत सामाजिक व सांस्कृतिक उपक्रम चालवणे हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी उत्सवाचा खर्च मात्र दुरुस्तीच्या निधीला हात न लावता वेगळ्या, ऐच्छिक वर्गणीतून भागवला जातो. हा भेद फार उपयोगी आहे. एकाच खजिनदाराला दोन वह्या ठेवाव्या लागतात, एक हक्काच्या पैशाची आणि एक आपखुशीच्या पैशाची, आणि शेजारधर्म नेमका कितपत मुरला आहे हे दुसऱ्या वहीवरून कळते.

ही रीत सोसायट्यांनी नव्याने शोधली असे मात्र नाही. ती चाळीकडून आली. १८९३ मध्ये लोकमान्यांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत तो सुरू झाला आणि आजही तेथे चालू आहे. चाळीची लांबलचक गॅलरी हा एक रस्ताच असतो. बातमी तिथे चालत येते. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची नोकरी गेली, कोणाचे स्थळ मोडले, हे कळण्यासाठी फलकाची गरज पडत नसे. सोसायटीच्या बंद दारांच्या जिन्यावर बातमी अशी आपोआप फिरेना, म्हणून तिला कागदाचा आधार घ्यावा लागला. सारस्वतांनी १९११ मध्ये 'कानडा सारस्वत असोसिएशन' स्थापन केली होती. पुढे ताडदेवला उभ्या राहिलेल्या आणि तालमकींचेच नाव लाभलेल्या वाडीत तिची वास्तू झाली. तिच्या मासिकात मुंबईपासून बंगळुरूपर्यंतच्या स्थानिक सभांची वृत्ते येतात. कोठे कोणता उत्सव झाला, कोणाचा सत्कार झाला, कोण निवर्तले, इत्यादी. दूरच्या वाचकाला ही वृत्ते किरकोळ वाटतील. ज्याचे गाव तीनशे मैलांवर राहिले आणि ज्याचे भाऊबंद पाच शहरांत विखुरले, त्याला मात्र ती गावच्या पारासारखी होती.

येथवरचे चित्र सुखाचे आहे. पण ज्या घराला आवार असते त्याला फाटकही असते, आणि त्या फाटकातून आत कोणी यावे हा प्रश्न या इतिहासाच्या आरंभापासून त्यात आहे.

पहिल्या संस्थांची नावेच पाहावीत. सारस्वतांची १९१५ ची. पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्याला 'साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' निघाली. दादर-माटुंग्याच्या योजनेत मंचेरजी एदलजी जोशी यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशांसाठी राखून घेतले आणि पारसी कॉलनी वसवली. शेजारीच हिंदू कॉलनी झाली. यात केवळ सोवळेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सहकाराला पत लागते, आणि पतीला ओळख. अनोळखी माणसाचा हप्ता थकला तर काय, ही भीती एका ज्ञातीच्या, एका मठाच्या किंवा एका चर्चच्या ओळखीने दूर होत असे. गरीब पारशाला किंवा परगावच्या सारस्वताला खासगी घरमालक दारात उभा करीत नसे, तेव्हा त्याच्या ज्ञातीच्या संस्थेने त्याला छप्पर दिले. तथापि ज्याच्या ज्ञातीकडे भागभांडवल जमवण्याइतके पगारदारच नव्हते, त्याने कोणत्या संस्थेकडे जावे, याचे उत्तर १९१२ च्या कायद्यात नव्हते.

त्याच ट्रस्टने परळला चाळीही बांधल्या होत्या. त्यांतील एका चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा हे सारे या पत्त्यावर असताना घडले. १९३० नंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे पुन्हा ट्रस्टनेच आखलेल्या भूमीवर, स्वतःचे घर बांधले आणि त्याला 'राजगृह' हे नाव दिले. त्यात मोठी जागा ग्रंथांची होती. ट्रस्टची चाळ आणि ट्रस्टचा भूखंड यांच्यातील अंतर मुंबईच्या नकाशावर दोन-तीन मैलांपेक्षा अधिक नाही. ते चालून जायला देशातील एका अत्यंत बुद्धिमान, बॅरिस्टर झालेल्या माणसाला वीस वर्षे लागली.

उत्सवाचेही तसेच. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्या वर्गाला पूजेचा समान हक्क असावा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सीताराम केशव बोले आणि डॉ. आंबेडकर यांनी केली. वर्गणी सर्वांकडून घेता, मग पूजा काहींचीच कशी, हा सवाल होता. मोठा गहजब झाला. तो गणेशोत्सव पुढे बंद पडला, आणि त्याच वर्षी प्रबोधनकारांच्या पुढाकाराने दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. आज मुंबईच्या प्रत्येक आवारात जे सार्वजनिक नवरात्र दिसते त्याच्या मागे हा वाद आहे, याची जाणीव गरबा खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ येथे जमाखर्चाच्या वहीवरून ठरवला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गिरणी कामगारांची व्यवस्था यांपैकी कशातच बसत नव्हती. त्यांच्यासाठी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग करण्यात आला. त्यांच्या बांधणीवर याहून बोचरे भाष्य कोणा टीकाकाराला सुचले नसते.

स्वातंत्र्यानंतर सहकारी घरांचा वेग वाढला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी मुंबईत 'नवजीवन'सारख्या संस्था उभारल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर '१९६० चा' म्हणून ओळखला जाणारा नवा सहकारी संस्था कायदा झाला, आणि त्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व लिहिले गेले: पुरेसे कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येणार नाही. पण तोवर घर उभारण्याची पद्धतच बदलू लागली होती. आधी संस्था, मग जमीन, मग इमारत हा तालमकींच्या काळचा क्रम उलटला. आता बांधकाम व्यावसायिक आधी इमारत उभारी, सदनिका विके आणि शेवटी ग्राहकांची संस्था नोंदवून देई. या व्यवहाराला वेसण घालण्यासाठी १९६३ चा सदनिका कायदा आला. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावे असे बंधन त्याने घातले. ते बंधन पुष्कळांनी वर्षानुवर्षे पाळले नाही. अखेर २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. घर आपले, भिंती आपल्या, पायाखालची जमीन मात्र कागदोपत्री दुसऱ्याची, अशा अवस्थेत एकेका पिढीने सत्यनारायण घातले.

फाटकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो अहमदाबादहून. अहमदाबाद तेव्हाच्या मुंबई इलाख्यातले, आणि तेथील 'झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' १९२६ ची, म्हणजे दादरच्या त्या वादाच्याच वर्षातली. पारशांखेरीज कोणास सभासद करून घेऊ नये असा तिचा उपविधी होता. एका सभासदाला आपली जागा पारशांबाहेर विकायची होती. गुजरातच्या उच्च न्यायालयाने संस्थेविरुद्ध कौल दिला. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नागरिकांना संघटना करण्याचे स्वातंत्र्य आहे, आपल्यात कोण असावे हे ठरवणे त्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि भेदभावास मनाई करणारी घटनेची कलमे अशा खासगी संस्थेला थेट लागू होत नाहीत. कायदेमंडळाला हे बदलावेसे वाटले तर त्याने कायदा बदलावा, असे न्यायालयाने म्हटले.

निर्णय कायद्याच्या अक्षराला धरून आहे. संख्येने घटत चाललेल्या एका लहान समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटणे यात गैर काय, हा युक्तिवादही दुर्लक्षणीय नाही. परंतु हाच उपविधी एखाद्या बहुसंख्य आणि संपन्न समाजाच्या हाती दिला, आणि शहरातील प्रत्येक फाटकावर तो लिहिला, तर १९१५ च्या त्या होन्नावरच्या कारकुनाला आज घर कोठे मिळेल? जो आधार परक्या शहरात आलेल्या माणसाचा होता, तोच स्थिरावलेल्या माणसाच्या हातात अडसर होतो. सहकाराच्या इतिहासात हा पालट इतक्या हळूहळू झाला की तो झाल्याचे पुष्कळ चिटणीसांच्या लक्षातही आले नाही. आणि उपविधीत काहीही न लिहिता, 'जागा दिली गेली आहे' एवढ्या एका वाक्याने, नावे पाहून किंवा ताटातले अन्न विचारून माणसांना परत पाठवणारी आवारे तर न्यायालयापुढे येतच नाहीत.

महाराष्ट्रात आज लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत, आणि २०१९ मध्ये त्यांच्यासाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. हा काळ बहुधा गणपतीच्या मागचा-पुढचा असतो. त्यामुळे ज्या मंडपात आरती झाली त्याच मंडपात आठवड्याभराने थकबाकीदारांची नावे वाचली जातात, आणि ज्याच्या घरचे मोदक खाल्ले त्याच्याच दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाला विरोध करावा लागतो. जुन्या संस्थांच्या सभांत आता एक विषय सर्वांवर मात करतो. तीन मजली इमारत पाडून तेथे वीस मजली उभारावी की नाही. वृद्ध सभासदांना पावसाळ्यापूर्वी दुसरीकडे बिऱ्हाड हलवण्याची धास्ती असते, तरुणांना वाढीव खोलीची ओढ. आणि गच्ची, जिथे कोजागरी होत असे, ती नव्या नकाशात कोणाच्या वाट्याला येणार हे बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात ही कुटुंबे आली. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. या घरांना आता उद्वाहकाचा, पंपाचा, पहारेकऱ्याचा मासिक खर्च आहे. गॅलरी नाही, म्हणून बातमीला फलक हवा. आणि ज्यांनी शंभर वर्षे एकाच सरकारी खात्याला भाडे दिले त्यांना आपल्यातून चिटणीस आणि खजिनदार निवडायचे आहेत.